नाथसागर पाच दिवस समुद्र झाला, तेव्हा

एप्रिल २०१९ मध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच तिने विचारले, "बाई, नाथसागराचा पलीकडचा काठ कुठून दिसत नाही?" नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. पैठण तालुक्यात माझे सगळे आयुष्य गेले, त्यातली तीस वर्षे शिकवण्यात गेली, पण हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

ती आणि तिचे मित्र मिळून चौदा जण एक लघुपट करणार होते, दिग्दर्शन तिचे होते. गोष्ट गुहागरची होती. एका म्हातारीच्या घराचे अंगण समुद्र दर पावसाळ्यात थोडे थोडे खात जातो, मुलगा मुंबईला चल म्हणतो आणि ती निघत नाही, एवढेच कथानक. गुहागरच निवडण्यामागे कारण होते. त्या परिसरात चित्रित झालेला अविनाश अरुण यांचा 'किल्ला' तिने महाविद्यालयात असताना पाहिला होता. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने ज्याला 'क्रिस्टल बेअर' दिले, तो हा चित्रपट. तो पाहिल्यावर ती गुहागरला जाऊन आठ दिवस राहिली होती आणि व्याडेश्वराच्या देवळापासून किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनापर्यंत पायी हिंडली होती. पण छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, चारशे किलोमीटरांपलीकडे चौदा माणसे, सामान, दिवे, राहणे आणि जेवण हा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. पन्नास किलोमीटरांवरचे पैठण मात्र परवडणारे होते. समुद्राच्या काठावरच्या छोट्या गावाचे चित्रीकरण, ज्याला समुद्रच नाही अशा मराठवाड्यात करायचे त्यांनी ठरवले, ते असे.

तिचा प्रश्न मी गंभीरपणे घेतला. नाथसागराचे पसरलेले पाणी भरल्या धरणात साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास असते आणि त्याची लांबी पन्नास किलोमीटरांहून अधिक आहे. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि भिंत पूर्वेच्या टोकाला पैठणला आहे. त्यामुळे आमच्या बाजूने पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले, की नजरेसमोर पाण्याची सगळ्यात लांब पट्टी येते आणि सूर्यही त्याच पाण्यात मावळतो. कोकणातल्या किनाऱ्यावरचा सूर्यास्तही पश्चिमेचा आणि पाण्यातलाच. हे मी तिला फोनवर सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "बाई, म्हणजे आपला समुद्र योग्य दिशेला आहे."

अडचण पाण्याची होती. त्या उन्हाळ्यात धरण शून्य टक्क्यांखाली गेले होते. वर्तमानपत्रातले शून्य टक्के वाचून बाहेरच्या माणसाला वाटते, की तळ कोरडा पडला. प्रत्यक्षात शून्य म्हणजे उपयुक्त साठा संपला. त्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठ्याची जागा उरते आणि संपूर्ण भरलेल्या धरणाच्या २,९०९ दशलक्ष घनमीटरांशी तुलना केली तर ती चतुर्थांशाहून अधिक आहे. म्हणजे पाणी होते, पण ते आपल्या नेहमीच्या काठापासून फार आत सरकले होते, आणि त्यापर्यंत पोहोचायचे तर चालत जावे लागणार होते अशा जमिनीवरून, जी एरवी पाण्याखाली असते.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जागा पाहायला निघालो. त्यांच्या भाषेत याला रेकी म्हणतात. पहिल्या दोन जागांवर समोर डोंगराची रेघ दिसत होती. छायाचित्रण करणाऱ्या मुलाने सांगितले, की कॅमेरा गुडघ्याच्याही खाली ठेवला तर पलीकडचा काठ क्षितिजात बुडतो, पण डोंगर बुडत नाही. तिसऱ्या जागी डोंगर नव्हता. वाळलेल्या गाळातून अर्धा तास चालल्यावर पाण्याची कड आली आणि तिच्या अलीकडे दगडी जोती, एका भिंतीचा खांद्याइतका उंच तुकडा, उखळ आणि अर्धा बुजलेला आड दिसला. माझी विद्यार्थिनी धावत सुटली. "बाई, हे तर आयतं मिळालं! समुद्राने खाल्लेली घरं!"

ती घरे आमची होती. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. मधल्या वर्षांत शंभराहून अधिक गावे पूर्ण किंवा अंशतः उठली, त्यांत आमचे गाव होते. आम्ही निघालो तेव्हा मी दुसरीत होते. पाणी खूप उतरले त्या वर्षी वडीलधारी माणसे इथे येऊन जात असत, पण मी मोठी झाल्यावर कधी आले नव्हते. जागा शोधताना आपण त्याच दिशेला चाललो आहोत हे मला कळत होते आणि तरी मी कोणाला काही बोलले नव्हते, हेही इथे नोंदवायला हवे.

मी हे सांगितले तेव्हा ती मुलगी एका दगडावर बसली होती, ती उठून उभी राहिली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तिने विचारले, की इथे चित्रीकरण करणे बरे दिसेल का. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्या एकटीचा नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नव्या गावात मारुतीच्या पारावर गेलो आणि जुने गाव पाहिलेली जी नऊ-दहा माणसे उरली आहेत त्यांच्यापुढे सगळे मांडले. तिने गोष्ट पूर्ण सांगितली, म्हातारी, समुद्र, मुलगा. एका आजोबांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "घर बुडालं तवा कुणी एक फोटू काढला न्हाई. आता काढायलेत तर काढू द्या. दगूड तेवढा हलवू नगा." पुढचे सगळे काम या एका अटीवर झाले.

चित्रीकरणाआधीच्या तीन आठवड्यांपैकी बराचसा वेळ कागदपत्रांना गेला. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी शिरायलाही परवाना लागतो. जलाशयाची जमीन पाटबंधारे खात्याकडे असते, ग्रामपंचायतीचे ना-हरकत वेगळे आणि पोलीस ठाण्यात द्यायचे पत्र वेगळे. ड्रोन वापरायचा नाही हे आम्ही अर्ज करण्याआधीच ठरवून टाकले, कारण उन्हाळ्यात काठावर पाणपक्ष्यांची घरटी असतात. परंतु ज्या परवानगीचा कोणत्याही कागदावर उल्लेख नव्हता ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. उतरलेल्या पाण्यामागे जी जमीन उघडी पडते, तिच्यावर गाळपेर होते. लोक टरबूज, काकडी, चारा घेतात. आमच्या वाटेवर अशी चार जणांची गाळपेर होती. मी प्रत्येकाच्या झोपडीत जाऊन बसले, चहा घेतला आणि कोणत्या बांधाने जायचे हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतले. पहिल्याच दिवशी सामानाची गाडी तो बांध सोडून सरळ गेली आणि अडकली. वाळलेला गाळ वरून भेगाळलेला, दगडासारखा दिसतो, पण हातभर खाली तो लोण्यासारखा असतो. टरबूजवाल्याने ट्रॅक्टर आणून गाडी काढून दिली. वेलांची भरपाई त्याने घेतली आणि ट्रॅक्टरचे पैसे घेतले नाहीत.

तलावाचा समुद्र कसा करतात, हे त्या पाच दिवसांत मी जवळून पाहिले, आणि ते मला इतके विलक्षण वाटले की त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. आधी नको ते चौकटीबाहेर घालवावे लागते. आमच्या काठावर वेडी बाभूळ आणि बेशरम यांची रांग असते. समुद्राकाठी यांतले काही दिसून चालत नाही, आणि झाड तोडायचे नाही हे ठरलेले होते, त्यामुळे कॅमेऱ्याची प्रत्येक जागा त्या झाडांना चुकवून शोधली गेली. पाणी उतरताना काठावर पायऱ्यांसारख्या रेघा सोडत जाते. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा वाळू पुसून टाकते, म्हणून तिथे अशा रेघा राहत नाहीत. कला विभाग सांभाळणारी दोन मुले रोज पहाटे फावड्याने कॅमेऱ्यासमोरचा तेवढा उतार सपाट करीत आणि त्यावर नदीच्या रेतीचा पातळ थर पसरीत. भोई बांधवांकडून होडी मिळाली, पण नाथसागरातली होडी नुसती असते आणि कोकणातल्या लहान होडीला एका अंगाला उलांडी असते, लाटेत कलंडू नये म्हणून बांधलेले आडवे लाकूड. ती बांबूंची करून बांधली. होडीवाल्याने ती लावून पाण्यात एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाला, की वळायला जड जाते, पण आत बसलेल्या माणसाला भीती वाटणार नाही.

लाटांसाठी वारा लागतो. मेच्या अखेरीस दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि एवढ्या लांबवर अडथळा नसल्यामुळे आमच्या काठापर्यंत येताना पाण्याला चांगली उसळी येते. ती समुद्राच्या लाटेएवढी उंच नसते, पण कॅमेरा जमिनीलगत असला आणि लाट त्याच्याजवळ फुटली, तर उंचीचा अंदाज पाहणाऱ्याला येत नाही. म्हणून पाण्याची सगळी दृश्ये दुपारी चारनंतर आणि घरातली, म्हणजे जोत्यांवरची, सकाळी अशी वाटणी झाली. रंगाचा प्रश्न दिग्दर्शिकेने गोष्टीतच सोडवला. निळा समुद्र आम्हाला मिळणार नव्हता, तेव्हा कथेचे दिवस पावसाच्या तोंडावरचे घेतले. त्या दिवसांत कोकणचा समुद्रही गढूळ आणि करडा असतो.

आवाजाने सर्वाधिक त्रास दिला. संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे होते आणि काठावर उपशाच्या मोटारींची घरघर अखंड चालू असे. शेतीपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळत असे. मग विजेच्या पाळीचे वेळापत्रक आणून त्यावरून संवादांची दृश्ये लावली, आणि उरलेल्या डिझेल इंजिनवाल्यांना मी हात जोडून अर्धा-अर्धा तास थांबायला सांगितले. त्यांनी थांबवले. एकाने विचारले, "बाई, कशासाठी करायलात एवढं?" मी त्याला समोरचे जोते दाखवून ते कोणाचे होते ते सांगितले. त्यानंतर तो स्वतःच इतरांना थांबवू लागला.

तिसऱ्या दिवशी माझी आई आली. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या आत-बाहेर होते आणि गाळातून ती चालू शकणार नाही म्हणून तिला बैलगाडीने आणले. आमच्या स्वतःच्या घराचे काहीच वर नव्हते, ते गाळाखाली होते. कॅमेऱ्यासमोर जे घर म्हातारीचे म्हणून निवडले होते, ते माझ्या चुलत्यांचे. आई त्या घरापाशी आली. भिंती नव्हत्याच, गुडघ्याएवढे जोते चहूबाजूंनी सारखेच उघडे होते आणि कोठूनही आत जाता आले असते. ती बाहेरून वळसा घालून पूर्वेच्या बाजूला गेली, जिथे दार होते तिथे थांबली, पदर डोक्यावर घेतला, लुगड्याचा घोळ किंचित उचलला आणि नसलेला उंबरा ओलांडून आत गेली. म्हातारीची भूमिका करणाऱ्या बाई, ज्या संभाजीनगरात हौशी रंगभूमीवर काम करतात, हे पाहत होत्या. त्यांनी दिग्दर्शिकेला बाजूला नेऊन सांगितले, की मी कालपासून या घरात चुकीच्या बाजूने जाते आहे. आदल्या दिवशीची दोन दृश्ये पुन्हा घेण्यात आली. त्यासाठी अर्धा दिवस गेला आणि वेळापत्रक कोलमडले. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत खरा क्षण त्या अर्ध्या दिवसाने मिळवून दिला.

पाच दिवसांत काम संपले नाही. चार लहान दृश्ये राहिली. परीक्षा, नोकऱ्या, पैसे यांमुळे ती सप्टेंबरमध्ये करू असे ठरले, आणि मी तेव्हाच सांगितले होते की सप्टेंबर धरणाच्या हातात आहे. जुलैच्या अखेरीस नाशिककडे जोराचा पाऊस झाला, गोदावरी भरून आली आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच धरण भरत आले. आमच्या भागात धरणाची पातळी अजून फुटांत मोजतात आणि १५२२ फूट म्हणजे पूर्ण भरले, हे लहान मुलालाही पाठ असते. त्या वर्षी सगळ्यांच्या जिवात जीव आला, माझ्याही. मुले सप्टेंबरात आली, तेव्हा जिथे आम्ही गाडी उभी करीत होतो तिथेही पाणी होते. ज्या आडाच्या काठावर शेवटचे दृश्य व्हायचे होते तो किती खोल गेला, याचा हिशेब करीत आम्ही उभे राहिलो. दिग्दर्शिकेने ती चार दृश्ये सोडून दिली आणि चित्रपटाचा शेवट बदलला. आता म्हातारी आडापाशी पोहोचतच नाही, रिकामे पाणी दिसते आणि चित्रपट संपतो.

ध्वनीचे काम झाल्यावर तिने मला संगणकावर पहिली प्रत दाखवली. ध्वनिमुद्रण करणारा मुलगा एकटा बसने गुहागरला गेला होता आणि दोन दिवस किनाऱ्यावर राहून लाटांचा आवाज घेऊन आला होता. माझ्या चुलत्यांच्या जोत्यावर, आमच्या पाण्यावर, तो आवाज घातलेला होता. डोळ्यांसमोर गाव माझे आणि कानात समुद्र दुसऱ्या कोणाचा, अशी ती पंचवीस मिनिटे होती. एका दृश्यात डोक्यावरून नदीसुरय उडत जातो. पक्षी ओळखणाऱ्याला तेवढ्यावरून कळेल, की हे नदीचे पाणी आहे. तिने विचारले, काढू का? मी म्हटले, राहू दे.

त्यानंतर श्रेयनामावलीचा विषय निघाला. चित्रपट गावाकडून त्याचे रूप घेतो आणि त्याला दुसरे नाव देतो, ही जुनी रीत आहे. वाईजवळचे मेणवली २००४ च्या 'स्वदेस'मध्ये चरणपूर झाले, कर्नाटकातले रामनगर १९७५ च्या 'शोले'मध्ये रामगढ झाले, आगुंबे दूरदर्शनच्या मालिकेसाठी मालगुडी झाले. त्या गावांचे यात नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. लोक आजही मेणवलीचा घाट पाहायला जातात, आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीत एका मालिकेतला वाडा पाहण्यासाठी गाड्या थांबत असत. पण त्या गावांना स्वतःचे नाव सांगायला तिथे माणसे आहेत. येणाऱ्याला कोणीतरी सांगते, की हे चरणपूर नव्हे, मेणवली. आमच्या जुन्या गावात ते सांगायला कोणी नाही आणि येणाऱ्याला ते दिसणारही नाही. म्हणून मी हट्ट धरला, की शेवटी केवळ 'नाथसागर' असे न लिहिता गावाचे नाव लिहावे, आणि ते नाव स्वतंत्र पाटीवर यावे. तिने लगेच मान्य केले. पाटी सहा सेकंद राहते.

२०२० च्या जानेवारीत आम्ही चित्रपट नव्या गावातल्या शाळेत दाखवला. पडदा म्हणून चादर, आणि खाली सतरंजीवर दीडशे माणसे. पहिली दोन-तीन मिनिटे शांतता होती. मग पहिले जोते दिसले आणि मागून कोणीतरी मोठ्याने एका माणसाचे नाव घेतले. पुढच्या जोत्यावर दुसरे नाव आले. त्यानंतर कथा कोणी ऐकत नव्हते. म्हातारीच्या मागे कोणती भिंत दिसते, उखळ कोणाचे, आड पाटलांचा की सार्वजनिक, यावर सभागृहात वाद सुरू झाला आणि ज्यांचे वय पन्नाशीच्या आत आहे ती माणसे मागे वळून वृद्धांच्या तोंडाकडे पाहू लागली. दिग्दर्शिका माझ्याशेजारी बसली होती. तिचा चित्रपट कोणी पाहत नव्हते आणि ती रडत होती. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "थांबवू नका. पुन्हा लावू."

त्या रात्री तो चार वेळा लावला. तिसऱ्या वेळी मी शाळेतली एक आखीव वही आणली आणि दृश्य थांबवून थांबवून, मिनिट आणि सेकंदांसह, कोणते जोते कोणाचे ते लिहून घेतले. पुढे त्या मुलांनी न वापरलेली दृश्येही मला दिली. संकलनात गाळलेल्या त्या तुकड्यांत गावाचा उत्तरेकडचा भाग अधिक स्पष्ट आहे. मोजमाप जमणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने त्यावरून कच्चा नकाशा काढला. त्यात मारुतीचे जुने देऊळ, चावडी, वेशीची जागा आणि आडाकडे जाणारी गल्ली एवढे नक्की झाले आहे. गावाचे नाव मी या लेखात मुद्दाम दिलेले नाही. काही घरांच्या मावेजाचे, म्हणजे भरपाईचे, वाद अजून मिटलेले नाहीत आणि वही पूर्ण होऊन सगळ्यांनी ती वाचेपर्यंत घर आणि धनी यांची यादी बाहेर जाऊ द्यायची नाही, असे पारावर ठरले आहे.

ज्या आजोबांनी दगड हलवू नका म्हटले होते ते पुढच्या वर्षी गेले. त्यांनी सांगितलेली अकरा घरे वहीत आहेत. आजवर एकूण एकेचाळीस घरे लागली. पश्चिमेकडच्या आळीतली सात जोती मात्र अजून कोणाची ते ठरत नाही, कारण चित्रीकरणाच्या वेळी तो भाग पाण्याच्या अगदी कडेला होता आणि कॅमेऱ्यात ती तिरपी, लाटेआडून दिसतात. आई म्हणते, त्यांतले तिसरे सुताराचे, कारण त्याच्या दारात लाकूड ठेवायला ओटा होता. ओटा दृश्यात दिसत नाही. पाणी पुन्हा तेवढे उतरले की टेप घेऊन जायचे आणि तो मोजून पाहायचा, एवढे काम राहिले आहे.